एक जूनची जन्मतारीख

माझ्या वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९७३ अशी आहे. ती खरी नाही, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील एका पिढीतले इतके लोक १ जूनला जन्मले आहेत, की त्या दिवशी शुभेच्छा देता देता माणूस थकतो. मुलगा शाळेत आला की गुरुजी त्याच्याकडे पाहून वर्ष ठरवीत आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून तारीख १ जून घालीत. दफ्तराची गरज भागे. जन्म कधी झाला, हा प्रश्न कोणी विचारीत नसे.

इतिहासाच्या विद्यार्थिनीला अशी नोंद खुपते. मागच्या दिवाळीत मी आजीसमोर वही घेऊन बसले आणि मौखिक इतिहासाच्या तासाला शिकलेली सर्व साधने तिच्यावर वापरली. ती म्हणाली, "खडीवर व्हते तवा. पाऊस न्हवता. येक वळीव यिऊन गेला व्हता, त्याच्या मागनं आठ-पंधरा दिसानं झाला." वळीव म्हणजे एप्रिल किंवा मे. खडी म्हणजे दुष्काळी काम. गुरुजींचा अंदाज फार चुकलेला नव्हता. महिना-दीड महिन्याचा फरक असेल. मी विचारले, बाळ केवढे होते? आजीने दोन्ही हात एकमेकांसमोर धरले, मधले अंतर थोडे कमी केले, आणि म्हणाली, "येवढुसा."

हा लेख त्या दोन हातांमधील अंतराबद्दल आहे. या मालिकेत आपण ताम्रपट वाचले, बारवा पाहिल्या, पेशवे दफ्तरातील हिशेबही चाळले. आज नवजात बाळांचे वजन हे ऐतिहासिक साधन म्हणून पाहायचे आहे. वैद्यकातील एक मोठा विचार जुन्या नोंदवह्यांमधून कसा उभा राहिला, याची ही हकीकत आहे. आणि ती फिरून आमच्या घरापर्यंत येते.

आधी घराची बाजू सांगते. २०१४ साली बाबांना मधुमेह असल्याचे कळले. वय ४१, वजन ५४ किलो. गावाकडे ऐकणाऱ्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "एवढ्या काटकुळ्या माणसाला साखर कशी?" आणि उत्तरही स्वतःच दिले: गोड फार खाल्ले असेल, शहरात गेला, चैनीला लागला. बाबा एकोणिसाव्या वर्षी सांगोल्याकडच्या आमच्या गावातून चिंचवडला आले, तेव्हापासून तीन पाळ्यांत यंत्रावर उभे राहिले. चैन कोणती केली, हे त्यांनाही सांगता आले नसते. ते गप्प राहिले आणि चहातली साखर बंद केली. मी तेव्हा शाळेत होते. मलाही वाटत असे की बाबांचे काहीतरी चुकले असावे.

पुढे एम.ए.ला दप्तरखान्यांवरील अभ्यासक्रमात एक प्रकरण वाचनात आले, आणि तो समज पहिल्यांदा हलला.

ते प्रकरण इंग्लंडमधील हर्टफर्डशर या परगण्याचे. बोअर युद्धाच्या वेळी, म्हणजे १८९९ ते १९०२ या काळात, सैन्यात भरती होण्यासाठी आलेले इंग्रज तरुण मोठ्या संख्येने नापास होऊ लागले. खुरटलेली उंची, किडके दात, अशक्त छाती. साम्राज्याला धास्ती वाटली. १९०४ मध्ये 'शारीरिक ऱ्हासा'ची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल आला आणि बालकांच्या आरोग्याकडे सरकारचे लक्ष वळले. हर्टफर्डशरमध्ये एथेल मार्गारेट बर्नसाइड या परिचारिकेकडे सुइणींच्या देखरेखीचे आणि घरभेटींचे काम आले. तिच्या व्यवस्थेत १९११ पासून प्रत्येक जन्माची नोंद होऊ लागली. सुईण बाळाचे वजन करून कळवी. परिचारिका वर्षभर घरी जाऊन बाळ अंगावर पिते की बाटलीने, आजारी पडले काय, हे पाही. आणि पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास पुन्हा वजन लिही. वर्षाच्या बाळाला दात किती आले, तेही त्यात असे. हा क्रम १९४८ पर्यंत चालला. सैनिक कसे पैदा होतील, या चिंतेतून सुरू झालेली ही वही आहे, हे विसरू नये. दप्तर ज्या हेतूने लिहिले जाते त्या हेतूशी पुढे प्रामाणिक राहतेच असे नाही.

वह्या मिटल्या. बाळे मोठी झाली, म्हातारी झाली, मरू लागली.

१९८० च्या दशकात साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी मृत्यूंच्या आकडेवारीशी झगडत होते. इंग्लंड-वेल्सच्या ज्या भागांत १९२१ ते १९२५ दरम्यान तान्ही मुले अधिक दगावली होती, नेमक्या त्याच भागांत १९६८ ते १९७८ दरम्यान हृदयविकाराने मरणारे प्रौढ अधिक होते. हृदयविकार हा तर सुखवस्तूंचा रोग मानला जाई. मग तो गरिबीच्या जुन्या नकाशावर का उमटावा? १९८६ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले, पण तो प्रदेशांचा मेळ होता, माणसांचा नव्हे. ज्यांची जन्माची नोंद आहे अशी माणसे साठ-सत्तर वर्षांनी शोधायला हवी होती. त्यासाठी देशभर जुन्या वह्यांचा शोध सुरू झाला. पोटमाळे, गॅरेज, बॉयलरच्या खोल्या असे काहीही वगळले गेले नाही. हे वाचताना मला आमच्या तालुक्याच्या नोंदणीखोलीतील वाळवी आठवली, आणि थोडा हेवाही वाटला.

हर्टफर्डशरच्या वह्या सापडल्या, पण त्यांत खासगी माहिती असल्याने दप्तर देण्यास आडकाठी होती. बार्कर यांनी पुढे लिहिले आहे की महायुद्धात त्यांचे कुटुंब याच परगण्यात आसऱ्याला आले होते आणि त्यांच्या बहिणीचा जन्म त्याच वह्यांत नोंदला गेला होता. हा योगायोग कामी आला. १९८९ मध्ये १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मतः आणि पहिल्या वर्षी ज्यांचे वजन कमी होते त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू अधिक होते. १९९१ मध्ये त्यांपैकी हयात असलेल्या ३७० जणांना, सरासरी वय ६४, ग्लुकोजचे पाणी पाजून रक्त तपासले. जन्मवजन जितके कमी, तितके साखर न पेलण्याचे प्रमाण अधिक. सुइणीच्या तराजूवरचा आकडा सहा दशकांनी रक्तात वाचता येत होता.

हे का घडावे? ढोबळ उत्तर असे. पोटातील बाळाला वारेतून मिळणारे पोषण अपुरे पडले, की ते आहे त्यात भागवते. मेंदूचा वाटा शक्यतो राखला जातो. काटकसर यकृत, स्नायू, मूत्रपिंडे आणि स्वादुपिंड यांच्यावर येते. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी कमी बनतात. रक्तातील साखर सर्वाधिक वापरणारे स्नायू, तेच कमी भरतात. हे अवयव बांधण्याची मुदत ठरलेली असते. जन्मानंतर खाऊ घालून ती कसर पूर्ण भरत नाही. असे शरीर टंचाईत निभावून नेते. पुढे अन्न मुबलक झाले, हालचाल घटली, पोटावर चरबी आली, की मुळात तोकड्या असलेल्या यंत्रणेवर भार पडतो आणि ती लवकर थकते. निकोलस हेल्स आणि बार्कर यांनी १९९२ मध्ये ही मांडणी केली. त्याआधी १९६२ मध्ये जेम्स नील यांनी काटकसर जनुकांत असल्याचे सुचवले होते. हेल्स-बार्कर यांचे म्हणणे, ती वंशात असण्याची गरज नाही. नऊ महिन्यांतही शिकली जाते.

आक्षेप उघड होता. कमी वजनाची बाळे गरीब घरांत जन्मतात आणि गरिबीतच वाढतात. मग दोष गर्भातील नऊ महिन्यांचा की पुढच्या साठ वर्षांचा? हे वेगळे करायचे तर टंचाई एखाद्या सुरीने कापल्यासारखी सुरू होऊन तशीच संपायला हवी. असा प्रयोग कोणी माणसांवर करणार नाही. युद्धाने केला.

सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त सैन्याच्या मदतीसाठी नेदरलँड्सच्या रेल्वे कामगारांनी संप केला. सूड म्हणून जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागाकडे जाणारे अन्न अडवले. नोव्हेंबरमध्ये बंदी थोडी सैल झाली, तोवर कडक हिवाळ्याने कालवे गोठले आणि नावा अडकल्या. डिसेंबर ते एप्रिल या महिन्यांत अॅमस्टरडॅममध्ये माणशी शिधा दिवसाला ४०० ते ८०० कॅलरींवर होता. लोकांनी ट्यूलिपचे कंद आणि साखरेचे बीट खाल्ले. सुमारे २०,००० माणसे मेली. मे १९४५ मध्ये मुक्तता झाली आणि काही आठवड्यांत अन्न आले. या सगळ्यात सुईणी आणि रुग्णालये नोंदी ठेवीतच राहिली.

अॅमस्टरडॅमच्या विल्हेल्मिना रुग्णालयात नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४७ दरम्यान जन्मलेल्या २,४१४ जणांचा पुढे माग काढला गेला. गरोदरपणाच्या मध्यात किंवा शेवटी उपासमार वाट्याला आलेल्यांना पन्नाशीत साखर पेलवेनाशी झाली होती. शेवटच्या तिमाहीतील बाळे वजनाने २०० ते ३०० ग्रॅम कमी भरली होती. मला थबकवले ते दुसऱ्या निष्कर्षाने. ज्यांच्या वाट्याला उपासमार फक्त सुरुवातीच्या महिन्यांत आली, त्यांचे जन्मवजन अगदी नेहमीसारखे होते. तरीही पुढे त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला. म्हणजे तराजू सर्व काही सांगत नाही. एखादी नोंद निर्दोष दिसते म्हणून घटना घडलीच नाही असे समजू नये, हे आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवतात. ते डच बाळांनी अधिक नीट शिकवले.

याच्या उलट साक्ष लेनिनग्राडची. सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ असा ८७२ दिवसांचा वेढा, त्यात भूक डच हिवाळ्याहून कितीतरी भीषण. पण त्या काळात गर्भात असलेल्यांची १९९० च्या दशकात तपासणी केली, तेव्हा साखरेच्या बाबतीत फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता. एक स्पष्टीकरण असे दिले जाते की डच मुलांना उपासमारीनंतर लगेच भरपूर अन्न मिळाले, तर लेनिनग्राडच्या मुलांची पुढची वर्षेही तंगीतच गेली. शरीराने ज्या जगाची तयारी केली होती, तेच त्यांना मिळाले. ही साक्ष गैरसोयीची आहे म्हणून वगळणारे पुष्कळ लेख मी वाचले आहेत.

इथे समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या एका दाव्याबद्दल बोलणे भाग आहे. 'इंग्रजांच्या दुष्काळांमुळे भारतीयांना मधुमेह होतो' असे ठाम वाक्य तुम्हीही पाहिले असेल. १८७६-७८ च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल यांनी मजुराला दिवसाला एक पौंड धान्याइतकी मजुरी ठरवली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला, हे इतिहासात नोंदलेले आहे. पण तेथून आजच्या रक्तचाचणीपर्यंत चार-पाच पिढ्यांचे अंतर आहे आणि ते जोडणारे मोजमाप नाही. टेंपलसाहेबांवर ठेवण्याजोगे आरोप पुष्कळ आहेत. हा त्यांत घालू नये. त्याने सोपे समाधान मिळते आणि जवळचे कारण नजरेआड होते.

जवळचे कारण पुण्यात, रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयात शोधले गेले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक तेथे मधुमेहाचे रुग्ण पाहत होते, आणि पाश्चात्त्य पुस्तकांतील लठ्ठ, वयस्क रुग्णांऐवजी त्यांच्यासमोर तरुण आणि बारीक माणसे येत होती. माझ्या बाबांसारखी. त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून विवाहित स्त्रियांच्या नोंदी ठेवल्या, त्यांची गरोदरपणे पाहिली, बाळे जन्मताच मोजली आणि ती मुले मोठी होईपर्यंत पाठपुरावा केला. गरोदर होण्याआधी या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. बाळे सरासरी २.७ किलोची. साउदॅम्प्टनची बाळे सुमारे ३.५ किलोची.

पण वजनाच्या पलीकडे जाऊन चिमट्याने कातडीखालची चरबी मोजली, तेव्हा विलक्षण गोष्ट दिसली. पुण्याचे बाळ पोटातील अवयव आणि स्नायू यांत इंग्रज बाळाच्या बरेच मागे होते; चरबीत मात्र फारसे मागे नव्हते. दिसायला किडकिडीत, आतून मेदयुक्त. हेच प्रौढपणी कसे दिसते, हे २००४ मध्ये 'लॅन्सेट'मधील एका छायाचित्राने दाखवले. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. मी ते छायाचित्र बाबांना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हे डॉक्टर स्वतःच असे?" ते खुश झाल्याचे स्पष्ट दिसत होते.

या सहा गावांत दुष्काळ नव्हता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कोणी भुकेने मरत नव्हते. बाळाच्या आकाराचा संबंध आईने किती कॅलरी खाल्ल्या याच्याशी विशेष दिसला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध आहारात किती वेळा आले याच्याशी दिसला. जड कष्टांशीही दिसला. शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान होती. याच गटाने पुढे दाखवले की गरोदरपणी आईत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणे अधिक असतात. भाकरीने पोट भरते, आणि तरीही बाळाचे बांधकाम अपुरे राहू शकते.

आता पुन्हा १९७३. दुष्काळ बहात्तरचा म्हणतात, पण पाऊस त्याआधीच्या दोन वर्षांपासून हात राखून पडत होता. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, बांध, रस्ते, खडी फोडणे. कामावर सुकडी मिळे, रेशनवर तांबडी मिलो. वसाहतकाळातील दुष्काळांच्या तुलनेत मृत्यू फार थोडे झाले आणि म्हणून हा दुष्काळ शासनाच्या यशाचे उदाहरण म्हणून अभ्यासला जातो. तो लौकिक रास्त आहे. ती खडी नसती तर बाबा जन्मलेच नसते, कदाचित आजीही उरली नसती. पण यश मोजले ते मृत्यूंवर. आमच्या गावातील खडी केंद्रावर मजुरांचे हजेरीपत्रक होते, फोडलेल्या खडीचे माप होते. त्या वर्षी जन्मलेल्या बाळांचे वजन कोणत्याही वहीत नाही. तिथे बर्नसाइडबाई नव्हती.

तेव्हा बाबांचा मधुमेह त्या खडीपासून आला असे मी म्हणू शकते काय? नाही. हे सर्व अभ्यास शेकडो-हजारो माणसांच्या सरासरीबद्दल बोलतात. एका माणसाबद्दल त्यांना काहीच सांगता येत नाही. शिवाय घरातच उलटतपासणी बसलेली आहे. धाकटे काका १९७९ चे, पिकपाण्याच्या वर्षातले. त्यांनाही मधुमेह आहे. आत्या दुष्काळाच्या तोंडाशी, १९७० मध्ये जन्मली. तिची साखर अजून ठणठणीत. सहा गावांचा अभ्यास आठवला की काकांचे कोडे थोडे सुटते, आत्याचे सुटत नाही.

तरी मी आजीला हे सांगितले. सांगू नये असे आईचे मत होते. "त्या स्वतःलाच लावून घेतील," ती म्हणाली, आणि तिचे खरे होते. या संशोधनाची बातमी होते तेव्हा तिचा मथळा बहुधा 'आईच्या आहारामुळे' असा असतो. त्यात रेशनचे दुकान नसते, मुकादम नसतो, घरात शेवटी जेवायला बसण्याची रीत नसते. एक बाई असते आणि तिचे ताट. मी बराच काळ शब्द जुळवले आणि आजीला म्हटले की बाबांना साखर झाली ती त्यांनी गोड खाल्ल्यामुळे नव्हे. पोटात असताना बाळाला पुरेसे मिळाले नाही, तरी असे होऊ शकते.

ती बराच वेळ काही बोलली नाही. हातातील शेंगा सोलणे चालू होते. मग म्हणाली, "मुकादम म्हनायचा, पोटुशी हाय तर बस सावलीला. पन बसलं की हजरी जायाची." थोड्या वेळाने तिनेच विचारले, "मग खाया काय पायजे व्हतं तवा?"

मी अभ्यासात लिहिलेले सांगितले. पालेभाजी, फळे, दूध.

आजी हसली. अगदी मनापासून हसली. "पाला? आगं पोरी, पाला शेरडास्नी घावत न्हवता."

शेंगदाण्यांची मूठ तिने माझ्या हातात दिली आणि बाबांनी संध्याकाळची गोळी घेतली का, ते बघून यायला सांगितले.